शेकडा शंभर

मला गणित शिकवायला बसवलं ते मला गणित येत होतं म्हणून नव्हे, तर मी रिकामी होते म्हणून. बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. त्याआधी इंजिनिअरिंगच्या एन्ट्रन्सला माझा नंबर इतका खाली लागला होता, की बाबांनी पेपरात तो शोधता शोधता चष्मा पुसला, पुन्हा शोधला आणि शेवटी म्हणाले, "छापायचा राहिला असेल." त्या दिवसांत तारनाक्याच्या आमच्या गल्लीत प्रत्येक घरातलं एक पोर कॉम्प्युटर शिकायला जायचं आणि उरलेलं त्याचा हेवा करायचं. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर केबलच्या काळ्या वायरी गेल्या होत्या आणि त्यांवर कावळे बसत. बाबा सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. संध्याकाळी घरी आले की पेपर उघडून ते आईला नवं आर्थिक धोरण समजावून सांगत. "अगं, देश खुला झाला आता, सगळं खुलं!" आई ज्वारीची भाकरी थापता थापता म्हणे, "झाला ना? मग निदान आपलं दार लावा, डास येताहेत."

खुल्या झालेल्या देशात मला मात्र कुठे जायला जागा नव्हती. नांदेडकडच्या नातेवाइकांची दोन-तीन स्थळं येऊन गेली. मुलगी काय करते, असं विचारलं की आई म्हणे, "सध्या घरीच आहे." त्यातला 'सध्या' हा शब्द ती इतका लांबवायची की पाहुण्यांना शंका येई. यावर उपाय म्हणून बाबांनी एका रविवारी गल्लीत परस्पर जाहीर करून टाकलं की आमची सुधा मुलांना गणित शिकवणार. मला हे शेजारच्या वरलक्ष्मी आंटींकडून कळलं.

माझं आणि गणिताचं नातं काय होतं, ते इथे सांगायला हवं. पाचवीपर्यंत मी मराठी शाळेत होते. तिथे गुणोत्तर आणि शेकडेवारी हे शब्द नुकते तोंडओळखीचे झाले होते, तोवर मला इंग्रजी शाळेत घातलं. तिथे त्यांचं रेशो आणि पर्सेंटेज झालं, आणि सर चिडले की रेशोचं तेलुगूत 'निष्पत्ती' होई. अशा रीतीने एकच गोष्ट मला तीन भाषांत कळत नव्हती. कॉलेजात जाईपर्यंत सूत्रांत आकडे भरून उत्तर काढायला मी शिकले, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की अजूनही मी पान उलटायची. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, शिकवायला लागणारी माझ्याकडची एकमेव खरी पात्रता तीच होती. न कळणं म्हणजे काय, हे मला आतून ठाऊक होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोरं व्हरांड्यात जमत. फळा नव्हता, म्हणून लाल कोब्याच्या फरशीवरच आम्ही खडूनं गणितं करायचो आणि उठताना ओल्या फडक्यानं पुसायचो. मागे रेल्वेच्या रुळांवर शंटिंगचे धक्के ऐकू येत, मशिदीत अजान होई, वरलक्ष्मी आंटींच्या कुकरची शिट्टी होई आणि फोडणीतला कढीपत्ता तडतडला की सगळी पोरं एकदम नाकं वर करत. आमच्याकडे आई अंबाडीची भाजी शिजवत असे. तिला तेलुगू पोरं गोंगुरा म्हणत आणि मराठी बायकांना ती कशी येते याचं नवल करत.

या पोरांत नुसरत होती. तिचे वडील करीमचाचा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि बाबांच्या जुन्या ओळखीचे. पहिल्या दिवशी ते तिला घेऊन आले आणि बाबांना म्हणाले, "देशपांडे साब, ये लड़की बोलने में कलेक्टर है, हिसाब में सिफर. जरा देखो." नुसरत सातवीत होती. किडकिडीत, उंच, लांब वेणी, आणि नजर अशी की समोरच्याचंच काहीतरी चुकलं असावं. त्या काळी सातवीला सगळ्या शाळांची मिळून बोर्डासारखी एकच परीक्षा असे. करीमचाचांची आई घरात होती, आणि सातवीत नापास झालेल्या मुलीला पुन्हा शाळेत पाठवायचं कारण त्या म्हातारीला पटणार नव्हतं. चाचांनी हे हसत हसत सांगितलं, पण जाताना बाबांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

नुसरतची अडचण मला आठवडाभर कळली नाही. बेरीज-गुणाकार तिला चोख येत. पण गवळ्यानं दुधात सातास दोन या प्रमाणात पाणी घातलं, असं वाचलं की ती पेन खाली ठेवायची. "मिस, उसको किसी ने पकड़ा नहीं?" रमेशचं वय वडिलांच्या वयाच्या एक तृतीयांश आहे, असं आलं की, "उसकी अम्मी कू पूछ लेना ना, सीधा." बाकीची पोरं हसत. मी पण आधी हसले. मग एकदा लक्षात आलं की इतर पोरं उदाहरण वाचतच नाहीत. त्यातले आकडे वेचून घेतात आणि गुणू की भागू असं माझ्या तोंडाकडे बघतात. गोष्ट गोष्टीसारखी वाचणारी ही एकटीच होती, आणि त्यामुळेच तिला शून्य मिळत होतं.

मग मी तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लागले. गवळ्याला कुणी पकडलं नाही, कारण अजून कुणी मोजलंच नाही. आता तूच पकड. ही गोष्ट तिला पटली. ती ओरडून म्हणाली, "तो ऐसा बोलना था ना पहले!" आणि तिनं त्या गवळ्याला पकडलं.

तरी एक चूक तिची जाता जाईना. एकास चार म्हटलं की ती म्हणे, एक चतुर्थांश. मी सूत्र सांगितलं, आकृती काढली, शेवटी आईच्या नकळत स्वयंपाकघरातून लिंबं आणली. एक पेला लिंबाचा रस, चार पेले पाणी. रस पेलाभर व्हायला बरीच लिंबं लागली. "आता सांग, या सरबतात लिंबू किती?"

"चौथाई."

"पेले मोज."

तिनं मोजले. पाच भरले. ती पुन्हा मोजायला लागली, तेव्हा बाकीच्या पोरांनी त्यातले पिऊन टाकायला सुरुवात केली होती. "पाँचवा कहाँ से आया?" ती माझ्यावरच चिडली. मग रिकाम्या पेल्यांकडे बघत बसली आणि हळूच म्हणाली, "निंबू खुद कू गिनना भूल गया, मिस."

आत आईला लिंबांचा पत्ता लागला होता. ती दारात येऊन म्हणाली, "सुधा, उद्या टक्केवारी आहे ना? मग तुरीची डाळ मी कपाटात ठेवते."

पोरांचे मार्क वाढले तशी बातमी गल्लीबाहेर गेली, आणि एके दिवशी आमच्या दारात एका खासगी इंग्रजी शाळेचे करस्पॉण्डंट आले. आपल्याकडे संस्थाचालक म्हणतात, तसे हैदराबादेत करस्पॉण्डंट. शाळेचं नाव सांगत नाही; नावात 'फ्यूचर' होतं एवढं पुरे. दुमजली घरात शाळा, खाली त्यांचं कुटुंब, वर मुलांचं भविष्य. कमरेला पेजर, कपाळाला बारीक कुंकू, आणि हातात कलाकंदाचा पुडा. बाबा त्यांच्याशी इतक्या अदबीनं बोलले, जणू रेल्वेचे जनरल मॅनेजरच आले असावेत. मी दुसऱ्याच दिवसापासून त्या शाळेत सातवीला गणित शिकवू लागले. आई आता पाहुण्यांना 'सध्या' हा शब्द न वापरता सांगू लागली.

आणि मी तिथे आहे म्हणून करीमचाचांनी नुसरतला सरकारी शाळेतून काढून तिथे घातलं. "मिस जिधर, मेरी बेटी उधर," असं ते म्हणाले. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

शाळेच्या दारावर रुंद कापडी फलक होता, त्यावर मोठ्या अक्षरांत मागच्या वर्षीचा निकाल: शेकडा शंभर. मी रोज त्याच्याखालून जायची. परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले, तेव्हा करस्पॉण्डंट सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, उस्मानिया बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि सातवीतली काही नावं तोंडपाठ म्हटली. ही मुलं कच्ची आहेत. यांचे फॉर्म यंदा नकोत. पालकांना सांगायचं, आणखी एक वर्ष फाउंडेशन पक्कं करू. त्या नावांत नुसरतचं नाव होतं.

"पण सर, नुसरत आता पास होईल," मी म्हटलं.

"होईल. पण 'होईल' वर मी बॅनर कसं रंगवू अम्मा?"

"यांना वगळल्यावर निकाल शंभर टक्के कसा?"

त्यांना माझी दयाच आली असावी. अतिशय प्रेमळपणे ते म्हणाले, "सुधा मॅडम, मॅथ्स की टीचर होके मेरेकू पूछ रहे? पर्सेंटेज मतलब क्या? टोटल के ऊपर. अब टोटल क्या लेना, ये तो अपने हाथ में है ना?" तेवढ्यात त्यांचा पेजर वाजला. तो वाचता वाचता ते पुढे म्हणाले, "पेरेंट्सना तुम्हीच सांगा. त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे."

खरं सांगायचं तर गणितीदृष्ट्या त्यांचं म्हणणं निर्दोष होतं. शेकडेवारीची इतकी स्वच्छ व्याख्या मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नव्हती.

घरी येऊन मी सांगितलं, तेव्हा बाबांनी पेपर खाली न घेता निकाल दिला. वरिष्ठांनी सांगितलं आहे, आपण खालचे. शिवाय मुलांचा पायाच पक्का होणार आहे. "आणि तू नाही सांगितलंस तर दुसरं कुणी सांगेल. गाडी काही एका गार्डावाचून थांबत नाही." आई ताटं मांडत होती. ती म्हणाली, "गार्डाला घेतल्याशिवाय गाडी सुटते होय? मग तुम्ही लोक त्याला पगार कशाचा देता?" बाबांनी पेपर आणखी वर घेतला. मी जेवले नीट. माणूस अशा वेळी जेवत नाही असं पुस्तकांत असतं. मला मात्र भूक लागली होती, आणि खट्टी दाल छान झाली होती. जेवता जेवताच मला दिसलं की करीमचाचांना हे सांगायला माझं तोंड उघडणार नाही, आणि गप्प बसले तर फॉर्मची मुदत संपेल. सरळ भांडायची माझी छाती नव्हती. मला एकच गोष्ट करता येत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर उदाहरण लिहिलं. एका शाळेत चाळीस मुलं आहेत. परीक्षेआधी त्यांपैकी आठ मुलांना घरी बसवलं. उरलेली सगळी पास झाली. तर शाळेचा निकाल शेकडा किती? आकडे मी बदलून घेतले होते. तेवढी अक्कल होती.

पुढच्या बाकांवरून लगेच आवाज आला, "हंड्रेड, मिस!" बत्तीस बसले, बत्तीस पास, शंभर. मधल्या बाकांवरून कुणी म्हणालं ऐंशी. पुढचे म्हणाले, परीक्षेला बसलेच नाहीत त्यांना कसं धरायचं? मधले म्हणाले, शाळेत होते ना? वर्गात बाजार भरला. मी कुणालाच बरोबर म्हटलं नाही. तेवढ्यात नुसरत उभी राहिली. ती नेहमीप्रमाणे गोष्टीत शिरली होती.

"मिस, वो आठ बच्चे घर कू गए, तो मर गए क्या?"

"नाही."

"फीस भरे थे?"

"भरली होती."

"तो उनकू गिनना. अस्सी है." आणि मग तिला राहवलं नाही. "कायकू घर बिठाए उनकू?"

"ते गणितात दिलेलं नाही," मी म्हटलं. "हेच आज घरचा अभ्यास. घरी सगळ्यांना विचारा, उत्तर शंभर की ऐंशी. आणि वडिलांची सही घेऊन या."

अंधार पडायच्या आतच करीमचाचा आमच्या व्हरांड्यात होते. वर्कशॉपचे कपडेसुद्धा बदललेले नव्हते. त्यांच्या मागे वरलक्ष्मी आंटींचे यजमान, आणि फाटकापाशी आणखी दोघं-तिघं बाप. बाबांनी खुर्च्या आणल्या, पण बसलं कुणी नाही.

"मिस, ये सवाल अच्छा है," चाचा म्हणाले. "कौनसी किताब का है?"

मी एक खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

"घर में सब झगड़े इस पे. मेरी माँ बोली सौ, मैं बोला अस्सी." मग माझ्याकडे न बघता, फरशीकडे बघत त्यांनी विचारलं, "उन आठ में हमारी नुसरत है क्या?"

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांच्या नोकरीची भीती होती. मी म्हटलं, "हौ, चाचा."

चाचांनी आरडाओरडा केला नाही. "अच्छा," एवढंच म्हणाले आणि वळले. फाटकातल्या एकानं विचारलं, "आणि आमचा श्रीनू?" मी होकारार्थी मान हलवली. तोही वळला. ते सगळे मिळून कोपऱ्यापर्यंत गेलेले दिसले, आणि तिथून शाळेच्या रस्त्याला लागले.

करस्पॉण्डंट सरांच्या घरी काय झालं ते मी पाहिलं नाही. ऐकलं ते असं, की सरांनी सगळ्यांना थंडा पाजला, असा विचार आपल्या मनाला शिवलासुद्धा नव्हता असं कुंकवाची शपथ घेऊन सांगितलं, आणि दोन दिवसांत सगळे फॉर्म भरून टाकले. तिसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी बिस्किटं नव्हती. "तुमचा अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे, रिव्हिजन मी स्वतः घेईन," ते म्हणाले. त्यांना 'काढलं' हा शब्द वापरायचा नव्हता. मीही तो वापरला नाही. नमस्कार करून घरी आले.

बाबा पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सहाव्या दिवशी ऑफिसातून आले ते हसतच. झालं होतं असं की, मनातून जात नाही म्हणून त्यांनी ते उदाहरण जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना घातलं. अर्धी कचेरी शंभर म्हणाली, अर्धी ऐंशी. अकाउंट्सचे दोन ज्येष्ठ क्लार्क, ज्यांनी वर्षानुवर्षं एका डब्यातून खाल्लं होतं, ते वेगवेगळ्या टेबलांवर जाऊन बसले. साहेबांनी येऊन विचारलं, हा काय गोंधळ आहे, तर तेही उभ्या उभ्या हिशेब करू लागले. "आणि साहेब काय म्हणाले?" आईनं विचारलं. बाबा म्हणाले, "साहेब म्हणाले, वरून काय उत्तर हवंय ते आधी कळू द्या." मग जरा वेळानं, पाणी पिऊन झाल्यावर, ते मला म्हणाले, "पोरांना परत बोलाव व्हरांड्यात. परीक्षा जवळ आली."

पोरं आली. शाळेतली ती सगळी कच्ची मुलं तर आलीच, पण पुढच्या बाकांवरची दोघंही आली. आई रोज कुणाला ना कुणाला चपाती-चटणी देऊ लागली आणि कुरकुरू लागली. परीक्षा झाली, उन्हाळा आला, गल्लीत माठवाले आणि ताडगोळेवाले फिरू लागले. निकालाच्या दिवशी मी सकाळपासून दारात होते. श्रीनू पास झाला. एकामागून एक सगळ्यांच्या बातम्या आल्या. नुसरतची आली नाही.

ती संध्याकाळी आली, वडिलांबरोबर. चाचांच्या हातात मिठाईचा पुडा होता आणि चेहरा मात्र मिठाईचा नव्हता. नुसरत सरळ व्हरांड्यात येऊन तिच्या नेहमीच्या जागी बसली.

"हिसाब में अट्ठावन," चाचा म्हणाले. "तेलुगू में फेल."

तेलुगू! वर्षभर मी त्या मुलीला गवळी, नळ, आगगाड्या आणि सरबतं शिकवली, आणि तेलुगूचं नावही काढलं नव्हतं. मला ते स्वतःलाच येत होतं ते भाजीवाल्यापुरतं. करस्पॉण्डंट सरांचा शेकडा शंभर एका मुलीनं हुकला, तो असा. ते नंतर बरेच दिवस सगळ्यांना सांगत की गणिताची काही तक्रार नाही.

पुढचं सांगून टाकते. नुसरतनं उन्हाळ्यातच पुरवणी परीक्षा दिली. वरलक्ष्मी आंटींनी तिला पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात खाऊ घालत घालत तेलुगू शिकवलं आणि ती पास झाली. आजीची समजूत चाचांनी घातली. काय म्हणून घातली असं मी विचारलं, तर म्हणाले, "अम्मा कू बोला, पाँच में पास और एक में फेल, ये फेल नहीं होता, ये बाकी होता."

पण त्या संध्याकाळी हे काहीच माहीत नव्हतं. चाचा आत बाबांपाशी बसले होते. नुसरत रडत नव्हती. मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले. ती म्हणाली, "मिस, छे में से एक फेल. कित्ते परसेंट हुआ?"

"तूच काढ," मी म्हटलं.

तिनं खडू घेतला. शंभर भागिले सहा. सोळा आले, उरले चार. दशांश चिन्ह दिलं, सहा आला, पुन्हा उरले चार. पुन्हा सहा, पुन्हा चार. ती वाकून लिहीत पुढे सरकत होती, वेणी फरशीवर घासत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत चालला होता. तिला आता राग यायला लागला होता, आणि तो फार चांगला, जुना, ओळखीचा राग होता.

"मिस, ये तो खतमच नहीं होता!"

"नाही होत."

"तो रुकना किधर?"

आत आई चाचांना आग्रह करत होती आणि चाचा नको नको म्हणत होते. मी पाय उचलून वर घेतले. नुसरत सहावर सहा लिहीत माझ्या पायांखालून पुढे गेली, आणि पायरीवरून खाली उतरली.